शेजारच्या सुनेची सुई

तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा दहावा आठवडा उलटण्याच्या आतच सारे आटोपले, अशी एक सूनबाई श्रावणात सासूबाईंबरोबर माझ्याकडे आली. बोलत होत्या त्या सासूबाईच. ‘डॉक्टर, आमच्या शेजारच्या सुनेचेही असेच व्हायचे. तिला रोज पोटात रक्त पातळ करण्याची सुई दिली. आता मुलगी बालवाडीत जाते! तीच सुई हिला लिहून द्या.’ सूनबाई मान खाली घालून बसली होती. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, ‘पहिल्या खेपेला मी पपई खाल्ली होती.’

पपईचे आधी निकालात काढतो. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातल्या रंगसूत्रांच्या चुकीमुळे होतात. पिकल्या पपईची फोड किंवा जिन्याच्या पायऱ्या यांच्यावर आळ घेण्यात अर्थ नाही, सुनेवर तर नाहीच नाही.

आता सुई. तिच्यातले औषध हेपॅरिन. १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठविणारा पदार्थ शोधत होता. हाती लागला तो नेमका उलटा. (आज हे औषध डुकराच्या आतड्यापासून काढतात. एका आजीबाईंनी मला तसे सरळच विचारले होते, म्हणून सांगून टाकतो.)

वार म्हणजे बाळामागून पडते ती, एवढीच आपल्याला तिची ओळख. पण गर्भ रुजतो तो तिच्याच जोरावर. भाताचे रोप चिखलात मुळे रोवते, तशा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात, आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात आणि त्या रुंद करतात. काही स्त्रियांच्या रक्तात असे प्रतिपिंड तयार होतात, की ते या पेशींनाच चिकटतात. मग मुळे नीट धरत नाहीत. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली या विकाराचे वर्णन केले.

याच प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्याही होतात. तेव्हा वारेत गुठळी होऊन गर्भ जात असणार, असे सरळ गणित मांडले गेले. १९९७ साली लंडनमध्ये अशा नव्वद स्त्रियांवर प्रयोग झाला. नुसती अल्प मात्रेची अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ४५ जणींपैकी १९ जणींच्या मांडीवर मूल आले. हेपॅरिनची जोड मिळालेल्या ४५ जणींपैकी ३२ जणींच्या.

पण गणितात कुठेतरी हातचा राहिला होता. २००४ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी हे प्रतिपिंड गाभण उंदरांना टोचले. रक्त गोठू न देणारी दुसरी दोन औषधे देऊन पाहिली. गर्भ वाचले नाहीत. हेपॅरिनने मात्र वाचले! शरीराची जी संरक्षक यंत्रणा प्रतिपिंडांच्या चिथावणीने वारेवर तुटून पडते, तिला हेपॅरिन आवर घालते. शिवाय प्रयोगशाळेत ते प्रतिपिंडांना वारेच्या पेशींवर बसूही देत नाही असे दिसले आहे. म्हणजे नाव रक्त पातळ करणाऱ्याचे, पण इथले मोठे काम राखणदाराचे.

आणि चोरच नसेल तर राखणदार काय करणार? प्रतिपिंड नसताना हेच औषध वारेच्या पेशींकडून नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला आडकाठी करणारा पदार्थ जास्त तयार करवते, असेही प्रयोगशाळेत आढळले आहे. कारण न सापडलेल्या ३६४ स्त्रियांवर हॉलंडात झालेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. सुईने काहीच फरक पडला नाही. रक्त गोठण्याचा जन्मजात कल असलेल्या स्त्रियांवरील २०२३ सालच्या प्रयोगातही तेच: सुई घेणाऱ्यांत शेकडा ७२ जणींना मूल झाले, न घेणाऱ्यांत ७१. तरीही ‘नुकसान तर नाही ना’ म्हणून सरसकट सुया लिहिल्या जातात. मला हे पटत नाही. महिनोन् महिने पोट काळेनिळे होते, रक्तस्रावाची भीती राहते आणि खर्च सांगायलाच नको.

सूनबाईच्या रक्तात प्रतिपिंड सापडले आहेत. पण एखाद्या तापानंतरही ते काही काळ दिसून नाहीसे होतात, म्हणून बारा आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. तेव्हाही आढळले, तर पुढच्या खेपेला दिवस राहिल्याचे कळताच सुई सुरू करू. नाही आढळले, तर सुईवाचूनही मूल होण्याची आशा निम्म्याहून अधिक आहे, हे मी दोघींना दोनदा सांगितले.

बारा आठवडे भाऊबीजेनंतर भरतात. सासूबाईंनी तारखेभोवती कॅलेंडरवर लाल गोल काढून ठेवला आहे. फळवाल्याकडून पपईही आणली, असे सूनबाई परवा फोनवर सांगत होती.