आधी पाऊल, मग पाऊस

जून उजाडला की चपला-बुटांच्या दुकानांत एक शब्द ठळक अक्षरांत झळकू लागतो: वॉटरप्रूफ. गडकिल्ल्यांवर पावसाळी भटकंतीला निघणारी कॉलेजची मुले, नोकरदार आणि साठी ओलांडलेली उत्साही मंडळी याच शब्दाकडे पाहून बूट निवडतात. त्यासाठी साध्या बुटापेक्षा हजार-दोन हजार रुपये जास्त मोजतात. पहिल्याच रविवारी लोहगड किंवा राजमाची करून परत येतात, तेव्हा बुटात पाणी साचलेले असते, टाचेला फोड आलेला असतो आणि अंगठ्याचे नख काळेनिळे पडलेले असते. मग दोष बुटाच्या कंपनीला दिला जातो, नाही तर आपल्या नशिबाला.

खरा दोष निवडीच्या क्रमात आहे. डोंगरात चालायचा बूट घेताना आधी माप, मग तळव्याची पकड आणि सर्वांत शेवटी पाण्यापासून संरक्षण, असा क्रम लावला तर बेताच्या पैशातही चांगला बूट मिळतो. आपल्याकडे बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा लावतात. त्याची किंमत खिशाला आणि पावलाला, दोघांनाही मोजावी लागते.

माप म्हणजे नुसता नंबर नव्हे. एका पावलात २६ हाडे असतात. अंगाचा भार पडला की पावलाची कमान किंचित सपाट होते; पाऊल लांबीला वाढते आणि चवड्याशी रुंदावते. दिवसभर उभे राहिले किंवा चालले की त्यावर सूजही येते. म्हणून सकाळी खुर्चीत बसून घातलेला बूट ठीक वाटतो आणि दुपारी गडाच्या पायऱ्यांवर तोच चावायला लागतो.

यात आणखी एक अडचण आहे, ती भारतीय पावलाची. आपण वापरतो ते सहा, सात, आठ हे नंबर इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजमापे घेतली. युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या तुलनेत आपली पावले सरासरीने रुंद असतात, असे त्यातून दिसले. या पाहणीच्या आधारे ‘भा’ या नावाची भारतीय मापपद्धतीही सुचवण्यात आली. आपल्याला बूट चवड्याशी आवळतो त्यात पायाचा दोष नाही. परक्या पावलासाठी घडवलेल्या साच्यात आपण आपले पाऊल कोंबत असतो.

मग आपण काय करतो? बूट रुंदीला आवळला की एक नंबर मोठा घेतो. इंग्रजी मापात एक नंबर वाढला की लांबी जवळजवळ साडेआठ मिलिमीटरने वाढते. रुंदीत मात्र त्या मानाने फारच थोडा फरक पडतो. म्हणजे चवड्याला थोडा आराम मिळतो, पण टाच मोकळी पडते. चढताना ती प्रत्येक पावलाला वर-खाली सरकते. त्वचेचा वरचा थर बुटाबरोबर एकीकडे ओढला जातो, आतले हाड दुसरीकडे जाते आणि मधल्या थरांत फट पडून तिथे पाणी साचते. हाच तो फोड. घामाने दमट झालेली त्वचा मोज्याला जास्त धरून राहते, त्यामुळे पावसाळ्यात फोड लवकर येतो. उतारावर हेच उलट होते. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावरून खाली येताना सैल बुटातले पाऊल हजारो वेळा पुढे घसरते आणि दर वेळी बोटे बुटाच्या नाकावर आपटतात. घरी आल्यावर काळे पडलेले नख दिसते, ते यामुळे.

योग्य माप शोधायला महागडे यंत्र लागत नाही. संध्याकाळी, दिवसभराची कामे आटोपल्यावर कागदावर उभे राहावे. ट्रेकला घालणार तेच मोजे पायांत असावेत. दुसऱ्या कोणाला पेन सरळ धरून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढायला सांगावी. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वाधिक रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. दोन्ही पावले सारखी नसतील तर मोठ्या पावलाचे माप धरावे.

दुकानात गेल्यावर बुटातला सुटा तळवा, म्हणजे इनसोल, बाहेर काढावा आणि त्यावर उभे राहावे. करंगळीची बाजू कडेबाहेर येत असेल तर तो बूट, कितीही सवलतीत असला, तरी आपला नाही. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी, दहा ते बारा मिलिमीटर जागा मोकळी हवी. मग बूट घालून नाड्या नीट आवळाव्यात आणि दुकानातल्या जिन्यावरून चार वेळा चढ-उतर करावी. चढताना टाच उचलली जाता कामा नये, उतरताना बोटे पुढे लागता कामा नयेत. ‘वापरून वापरून सैल होईल’ या दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबू नये. चामडे थोडेफार सैल होते. हल्लीचे कृत्रिम कापड आणि चिकटवलेले सोल फारसे होत नाहीत. ऑनलाइन मागवायचे असेल तर बूट परत करण्याची सोय आहे ना, हे आधी पाहावे आणि घरातल्या कोरड्या फरशीवर, संध्याकाळीच, अर्धा तास घालून फिरावे.

दुसरा क्रमांक पकडीचा. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा आहे. पावसात त्यावर शेवाळ चढते आणि कोरड्या दिवसांत पाय घट्ट धरणारी तीच पायरी जुलैत साबणासारखी होते. ओल्या पावलाने माणूस वैतागतो. निसटलेल्या पावलाने मनगट, घोटा किंवा त्याहून मोठे काही मोडते. म्हणून बूट उलटा करून पाहावा. तळव्यावर खोल खाचा असाव्यात आणि त्यांत पुरेसे अंतर असावे, म्हणजे चिखल अडकून न राहता झडून जातो. रबर नखाने दाबल्यावर थोडे दबले पाहिजे. टणक प्लॅस्टिकसारखा चकचकीत सोल ओल्या खडकावर दगा देतो. आपल्याकडच्या जुन्या भटक्यांनी साध्या, स्वस्त, देशी बुटांवर सगळा सह्याद्री पालथा घातला, तो वॉटरप्रूफ कापडाच्या भरवशावर नव्हे. रबराच्या पकडीच्या आणि जपून टाकलेल्या पावलाच्या भरवशावर. शेवाळलेल्या उतारावर कुठलेही रबर शंभर टक्के खात्रीचे नसते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

आता वॉटरप्रूफ या शब्दाकडे वळू. अशा बहुतेक बुटांत कापडाच्या थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना टेफ्लॉनच्याच जातीचे प्लॅस्टिक झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा करता येतो, असे आढळले. पाण्याच्या थेंबाला आत शिरता येणार नाही इतकी ही छिद्रे लहान असतात, मात्र घामाच्या वाफेचे रेणू त्यांतून बाहेर पडू शकतात. कल्पना सुरेख आहे, पण तिला एक अट आहे. वाफ जास्त दमट बाजूकडून कमी दमट बाजूकडे जाते. हिमालयाच्या थंड, कोरड्या हवेत बुटाच्या आतली वाफ सहज बाहेर पडते. जुलैतल्या माळशेजला किंवा महाबळेश्वरला बाहेरची हवाच ओलाव्याने भरलेली असते. वाफेने जायचे कुठे? तळपायाला तर घामाच्या ग्रंथी अतिशय दाट असतात. परिणामी पाऊस बाहेर राहिला, तरी पाऊल स्वतःच्याच घामात भिजते.

त्याहून साधी गोष्ट म्हणजे बुटाला वरून तोंड असते. गुडघाभर ओढ्यात पाय टाकला, किंवा पावसाचे पाणी पोटरीवरून ओघळले, की ते बुटात शिरतेच. मग ज्या पडद्याने पाणी बाहेर ठेवायचे, तोच ते आत धरून ठेवतो. साध्या जाळीदार कापडाचा बूट ओला होतो, पण पाणी लगेच सोडतो आणि रात्रीत बराच वाळतो. वॉटरप्रूफ बूट एकदा आतून भिजला की दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो.

मग वॉटरप्रूफ बूट घ्यायचेच नाहीत का? तसे नाही. उत्तराखंड किंवा हिमाचलात बर्फावरून चालायचे असेल, तर थंडीत ओले पाऊल धोक्याचे ठरते. तिथे हा खर्च सार्थकी लागतो. दवाने भिजलेल्या गवतातून किंवा रिमझिम पावसात डांबरी रस्त्याने चालणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे. पण ज्याला वर्षातून चार पावसाळी रविवारी सह्याद्रीत जायचे आहे आणि ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत, त्याने ते माप आणि पकड यांवर खर्च करावेत. उरलेल्या पैशांत सुती नव्हे, तर लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोज्यांचे दोन-तीन जोड घ्यावेत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि त्वचेला घासतो.

पाय ओला होणार हे एकदा मान्य केले, की तो ओला राहू द्यायचा नाही याची जबाबदारी आपल्यावर येते. भातखाचरात राबणाऱ्यांना बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या ठाऊक असतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय दिवसेंदिवस थंड पाण्यात राहून बधिर झाले, सडले. उष्ण प्रदेशातल्या कोमट पाण्यातही पावले सुजून दुखू लागल्याचे व्हिएतनाममधल्या सैनिकांत पुढे दिसले. एका दिवसाच्या ट्रेकमध्ये इतकी वेळ येत नाही. तरी मुक्कामाला पोहोचताच बूट-मोजे काढून पाय स्वच्छ धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि झोपताना मोजे कोरडेच घालावेत. फुटलेला फोड किंवा खरचटलेली जागा झाकून ठेवावी. उंदीर-घुशींच्या व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांतून शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या आजाराची साथ अनुभवली आहे. चिखलपाण्यातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर ‘पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मधुमेह असलेल्यांनी तर बुटाच्या मापात कसलीही तडजोड करू नये. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या अनेकांच्या पावलांची संवेदना मंदावलेली असते. बूट चावत असल्याचे त्यांना कळतच नाही आणि साध्या फोडाची चिघळलेली जखम होते. अशांनी दर तासा-दोन तासांनी थांबून बूट काढून पाय डोळ्यांनी पाहावा आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

स्वस्ताईचा आणखी एक सापळा जुन्या मालात आहे. अनेक बुटांच्या सोलात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही हळूहळू विघटित होतो. माळ्यावर चार-पाच वर्षे जपून ठेवलेल्या कोऱ्या बुटाचा सोल गडाच्या मध्यावर खडूसारखा चुरा होऊन गळतो, तो यामुळे. तेव्हा मोठ्या सवलतीतला बूट घेताना खोक्यावर छापलेला निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहावे. भिजलेला बूट चुलीशी किंवा कडक उन्हात वाळवू नये, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, वाऱ्यावर ठेवावा आणि बोळे दोन-तीनदा बदलावेत. वाचून झालेल्या अंकाचा हा उपयोग आम्हालाही मान्य आहे.

ग्राहकाने एवढे शिकावे, पण सगळा भार त्याच्यावरच टाकणे बरोबर नाही. पावलाची लांबी-रुंदी मोजणारे साधे धातूचे उपकरण अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात तयार केले. आज, शंभर वर्षांनी, आपल्या किती दुकानांत ते दिसते? खोक्यावर इंग्रजी, युरोपीय आणि अमेरिकी असे तीन-तीन नंबर छापले जातात. बुटाची चवड्याशी रुंदी किती, हे मात्र कुठेच नसते. ती मिलिमीटरमध्ये छापायला उत्पादकांना फारसा खर्च येणार नाही. भारतीय पावलांची मोजमापे सरकारी संस्थेने घेऊन ठेवली आहेत. त्यांवर बेतलेले साचे स्वस्त बुटांपर्यंत पोहोचले, तर फायदा फक्त गिर्यारोहकांचा होणार नाही. दिवसभर उभे राहणारे पोलीस, पाड्यापाड्यांवर पायी जाणाऱ्या आशा सेविका, घरोघरी सामान पोहोचवणारी मुले या सगळ्यांची पावले रुंदच आहेत आणि खिसा तितकाच बेताचा.

तोपर्यंत या पावसाळ्यात बूट घ्यायला निघालात, तर पाकिटाबरोबर पावलाची बाह्यरेषा काढलेला कागदही खिशात असू द्या. दुकानदाराने वॉटरप्रूफ दाखवायच्या आधी आपण रुंदी विचारा.