टॉर्क पाना गावाचा असावा



पेरणीच्या तोंडावर मोटारसायकलचे हेड उघडायची पाळी आली की आपण पकड आणि हातोडी घेऊन बसतो. हेड ॲल्युमिनियमचे, जास्त आवळले की आटे जातात, कमी आवळले की गॅस्केटमधून गळते. वाचवलेल्या मजुरीच्या दुप्पट खर्च मग अंगावर येतो.

आमचे म्हणणे, भारी पेटी नको. गोटी पाने, फीलर गेज आणि सरळ पट्टी घरी असावी. महागडा टॉर्क पाना व व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प वर्गणी काढून गावात एकच घ्यावा. गॅस्केट दरवेळी नवे. नट थंड इंजिनावर, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, पुस्तिकेतल्या मापानेच आवळावेत.

कापसाचा भाव आपल्या हाती नाही. दुरुस्तीचा खर्च आहे. येत्या बैठकीला वर्गणीचे ठरवूनच या.