निविदेतच सुरक्षेची तरतूद हवी



मार्च २०२१ मध्ये रॅन्समवेअरच्या, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हल्ल्याने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे ऑनलाइन काम ठप्प झाले. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवरही असाच हल्ला झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अशाच हल्ल्यामुळे दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयावर सगळी कामे हाताने लिहून करण्याची वेळ आली. दरवेळी चर्चा होते ती हॅकर कोण आणि कुठल्या देशातले याची. माझ्या मते खरे दुखणे आपल्या खरेदीच्या पद्धतीत आहे.

नगरपालिकेच्या लेखा विभागात नोकरी केल्यामुळे संगणक खरेदीची फाइल मी जवळून पाहिली आहे. दराचे लिफाफे उघडायचे, सर्वांत कमी दरवाल्याला वर्कऑर्डर द्यायची, माल उतरला की डेडस्टॉक रजिस्टरला नोंद घ्यायची आणि देयक काढायचे. तिथे फाइल बंद! पुढची पाच वर्षे सुरक्षा अपडेट कोण टाकणार, हा प्रश्न फाइलवर कधी येतच नाही. आमच्याकडे मालमत्ता कराच्या डेटाचा बॅकअप एका हार्ड डिस्कवर घेतला जाई आणि ती डिस्क रात्रंदिवस त्याच संगणकाला जोडलेली असे. रॅन्समवेअर शिरले असते तर मूळ डेटाबरोबर बॅकअपही गेला असता. तो बॅकअप परत चालू करून पाहण्याचे काम कुणाच्याच करारात नव्हते.

कमी दराचा नियम वशिलेबाजीला आळा घालतो; तो मोडा, असे मी म्हणत नाही. पण दर कशाकशाचा मागवायचा, हे तर आपल्याच हातात आहे! पाच वर्षांची अपडेट, वेगळ्या जागी ठेवलेला बॅकअप आणि दर तिमाहीला त्यावरून यंत्रणा उभी करून दाखवणे, एवढे निविदेतच मागा. त्याशिवाय देयकाचा शेवटचा हप्ता देऊ नका. जुने संगणक बदलण्याचाही विचार आधीच हवा. विंडोज १० ची नेहमीची अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. तरी त्यावर चालणारे जुने संगणक वापरात राहतात, कारण ते बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात नसते.

सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला द्यावी, असा २०२२ पासून नियम आहे. पण ‘क’ वर्ग नगरपालिकेत ती द्यायची कुणी? तिथे स्वतंत्र तज्ज्ञ नेमणे परवडणारे नाही. म्हणून नगरविकास विभागाने निविदेचा एकच मसुदा सर्वांना बंधनकारक करावा आणि जिल्ह्याला निदान एक सायबर पथक द्यावे. येत्या अंदाजपत्रकातच त्यासाठी पैसा ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त लेखापाल, सातारा