कागद कोणाच्या मोबाईलात राहणार?

मंडळी, परवाच्या बैठकीत आपण तासभर एकाच गोष्टीवर भांडलो: गटाच्या आतल्या कामासाठी विकी कुठलं घ्यायचं? बऱ्याच जणांना हा कॉम्प्युटरवाल्या पोरांचा विषय वाटला. मला तो आपल्या कामाच्या मुळाशी असलेला विषय वाटतो, म्हणून लिहितोय.

दोडामार्गचा माणूस उपचारासाठी बांबोळीला येतो. गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना 2018 च्या जानेवारीपासून शुल्क लागू झालं, तेव्हापासून 'कुठले कागद लागतात?' हा फोन आपल्याला येतच असतो. उत्तर असतं, पण कोणाच्या तरी मोबाईलात. गेल्या वर्षी हे काम बघणारा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि फाईल त्याच्याच खात्यात राहिली. माणूस चांगला, फोन केला की सांगतो. पण हक्क जसा कोणाच्या चांगुलपणावर सोडायचा नसतो, तशी माहितीही सोडायची नसते.

आता पर्याय बघू.

मीडियाविकीवर विकिपीडिया चालतो, 2003 मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडियासुद्धा. 'शिरगाव' लिहा की 'शिरगांव', एकाच पानावर नेण्याची सोय त्यात आहे. पण ते मुळात सगळ्यांना सगळं दिसावं म्हणून बनलंय. आपल्याकडे लोकांच्या एक-चौदाच्या आणि आजारपणाच्या नोंदी असतात. त्या सगळ्यांपुढे उघड्या कशा ठेवायच्या?

बुकस्टॅक लिहायला सगळ्यात सोपं. पण त्याला डेटाबेस लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही. परीक्षा आल्या की आपल्यात तो कोण?

तयार विकत मिळणारं घ्या, असंही काही जण म्हणाले. कॉन्फ्लुअन्सच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार कंपनीने 15 फेब्रुवारी 2024 ला बंद केला. ती आपल्या मशीनवर चालवणाऱ्यांना दुसरी वाट शोधावी लागली. आपल्याला ते परवडणार नाही.

राहिलं डोकुविकी. ते पानं साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतं, डेटाबेस लागत नाही, साधं होस्टिंग पुरतं. फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून कुलपात ठेवला की बॅकअप झाला. कुठलं पान कोणी वाचायचं, कोणी बदलायचं, हे ठरवता येतं. जुन्या आवृत्त्याही राहतात. लिहिताना थोड्या खुणा शिकाव्या लागतात, हे खरं. पण ते एका दुपारचं काम आहे.

येत्या बैठकीत मी डोकुविकीसाठी हात वर करणार. मात्र सॉफ्टवेअर निवडलं म्हणजे काम संपलं नाही. प्रत्येक पानावर ते सांभाळणाऱ्याचं नाव आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख हवी. नाहीतर जुनी यादी घेऊन माणूस बांबोळीला जाईल आणि हात हलवत परत येईल.

पहिलं पान त्याच कागदांचं करूया. शिरगावात बसून ते मी लिहितो. तपासायला दोडामार्गचं कोण येतंय?