पोरांना आधी खेळू द्या, मग लढू द्या

हिंजवडी म्हटलं की लोकांना आयटी पार्क आणि ट्रॅफिक आठवतं. पण हा पट्टा मुळात पैलवानांचा. ज्यांच्या स्मरणार्थ महाराष्ट्र केसरीची गदा दिली जाते, ते मामासाहेब मोहोळ आपल्याच मुळशी तालुक्यातल्या मुठे गावचे. २०२३ चा महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे इकडे चाकणच्या पुढचा, खेड तालुक्यातला. तालमी आजही आहेत, पोरं पहाटे उठून जातात. तक्रार मेहनतीबद्दल नाहीच.

तक्रार वेगळी आहे. जिल्ह्यातल्या कुस्त्यांच्या बातम्या करताना एक चित्र मला सारखं दिसतं. पोरगा एक-शून्यने पुढे असतो, अर्धा मिनिट उरलेला असतो. समोरचा ढकलत ढकलत त्याला लाल पट्ट्याकडे नेतो आणि ह्याच्या लक्षातही येत नाही. पाय बाहेर पडतो, समोरच्याला एक गुण. एक-एक बरोबरी. बाकी सगळं सारखं असेल तर शेवटचा गुण ज्याचा, कुस्ती त्याची. म्हणजे पोरगा हरला. वस्ताद कोपऱ्यातून 'आत ये, आत ये' ओरडत असतात, पण त्या क्षणी ओरडून काय उपयोग?

दंडात ताकद होती, डावही येत होते. आपण मॅटवर कुठे उभे आहोत, घड्याळ काय सांगतंय, समोरचा काय करू पाहतोय, हे वाचायची सवय नव्हती. ती सवय आपण लावतो कधी? जोर, बैठका, दोर झाले की डाव शिकवायचा, तोही जोडीदार गप्प उभा असताना. हे म्हणजे डबल स्टँडवर लावलेली स्कूटर चालवायला शिकण्यासारखं आहे. रस्त्यावर आल्यावर समोरून टेम्पो येतोच.

ही सवय खेळातून लागते. तीन खेळ सांगतो, कोणालाही उद्या सकाळी घेता येतील.

एक, गुडघा शिवणं. दोघं समोरासमोर. समोरच्याच्या गुडघ्याला हात लावायचा, आपला वाचवायचा. एकेरी पटाचं अंतर, हुलकावणी आणि वेळ साधणं, सगळं ह्यात येतं.

दोन, कंबरेला मागे रुमाल खोचून तो पळवायचा. समोरच्याच्या पाठीमागे जायला कोणत्या बाजूने वाट मिळते, हे पोराला न सांगता कळायला लागतं.

तीन, मातीत रिंगण आखून समोरच्याला बाहेर ढकलायचं. पण गंमत नियमात आहे. एकाला सांगा, 'तू एक गुणाने पुढे आहेस, वीस सेकंद उरलीत.' दुसऱ्याला सांगा, 'तू मागे आहेस.' मग बघा, दहा वर्षांचं पोरगंसुद्धा डोकं कसं चालवतं.

हे काही माझं संशोधन नाही. रशियातले कुस्ती प्रशिक्षक शिवण्याचे, पकडीचे, रेटारेटीचे असे खेळ गट पाडून लहान पोरांना खेळवतात. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठातल्या बंकर आणि थॉर्प यांनी १९८२ मध्ये हाच विचार मांडला : आधी खेळ समजू द्या, कौशल्य त्याच्या गरजेतून शिकवा. आणि आपल्याकडे तर आट्यापाट्या, लंगडी, खो-खो घरचेच. समोरच्याला चकवायचं कसं हे त्यात जन्मापासून आहे.

'आम्ही फी खेळायला भरतो का?' असं पालक विचारतात. काही जुन्या वस्तादांनाही हा पोरखेळ वाटतो. त्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे, अंगमेहनतीला पर्याय नाही. पण बारा-चौदा वर्षांच्या आतल्या पोराला दोन तास नुसतं घासून काय मिळतं? कंटाळून तो तालीम सोडतो, नाहीतर दुखापत घेऊन बसतो. रोजच्या सरावातली वीस-पंचवीस मिनिटं खेळाला द्या. जोर-बैठका कुठे पळून जात नाहीत. फक्त खेळ संपल्यावर पोराला विचारा, 'तू तेव्हा तसं का केलंस?' उत्तर त्याचं त्याला शोधू द्या.

आता गावाला आणि सरकारला एक सांगणं. बालेवाडीचं क्रीडासंकुल आपल्या उंबऱ्यावर आहे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभं राहिलेलं. पण हिंजवडी-माणच्या पोराला रोज संध्याकाळी पळायला जागा कुठे आहे? जमिनी गेल्या, टॉवर आले. सोसायटीच्या आवारात 'खेळण्यास मनाई'ची पाटी आणि बाहेर डंपर. पोरं खेळायची थांबली, म्हणून आता खेळसुद्धा तालमीत शिकवायची वेळ आली आहे. यात्रेच्या आखाड्यात लाखांची बक्षिसं लावणाऱ्यांनी त्यातला थोडा पैसा गावात एक मोकळं, सपाट, दिवे असलेलं मैदान राखायला लावावा. ग्रामपंचायत आणि पीएमआरडीएने ते कागदावर आरक्षित करून दाखवावं. मोठा खर्च नाही. माती, चुना आणि चार रुमाल.

वस्ताद मंडळींनी आपला अनुभव खाली जरूर लिहावा. पटलं नसेल तर तेही लिहा, वाद घालू. पटलं असेल तर तुमच्या गावच्या सरपंचापर्यंत ही पोस्ट पोचवा.