हमी होती, योजना नव्हती!

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात पोलंडचे नाव येते ते बहुधा पहिला बळी म्हणून. जर्मन रणगाड्यांवर भाले घेऊन धावणाऱ्या घोडदळाची कथाही आवर्जून सांगितली जाते. ती कथा म्हणजे युद्धकालीन प्रचाराची देणगी. पण पोलंडच्या घोडदळाला हसणाऱ्यांनी लंडन-पॅरिसने नाचविलेले कागदी घोडे नीट पाहिलेले नसतात.

३१ मार्च १९३९ रोजी पंतप्रधान चेंबरलेन यांनी ब्रिटिश संसदेत पोलंडच्या स्वातंत्र्याची हमी जाहीर केली. मे महिन्यात फ्रेंच सरसेनापती गॅमेलिन यांनी पोलंडला वचन दिले, की सैन्याची जमवाजमव सुरू झाल्यापासून पंधराव्या दिवशी फ्रान्सचे मुख्य सैन्य जर्मनीवर चढाई करील. २५ ऑगस्टला ब्रिटनशी परस्पर साहाय्याचा करारही झाला. मात्र त्याच्या गुप्त पुरवणीनुसार ज्या 'युरोपीय सत्ते'विरुद्ध साहाय्य करावयाचे, ती सत्ता म्हणजे केवळ जर्मनी! आणि हिटलर-स्टालिन करार झाला होता अवघ्या दोन दिवसांपूर्वी.

पण याहून गंभीर बाब वेगळीच आहे. १९३९च्या वसंतात ब्रिटिश व फ्रेंच सेनाधिकाऱ्यांच्या बैठका चालू होत्या. पोलंडचे भवितव्य युद्धाच्या अंतिम निकालावर अवलंबून राहील, प्रारंभी त्याच्यावरील दबाव कमी करण्यावर नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष होता. लष्करी दृष्टीने तो असमंजसही म्हणता येणार नाही. परंतु तो पोलंडला स्पष्ट शब्दांत कळविण्यात आला नाही. हमी हिटलरला धाक दाखविण्यासाठी होती. धाक चालला नाही तर पुढे काय, याची योजनाच नव्हती. वॉर्सा मात्र त्या हमीवर विसंबून राहिले. दोन आठवडे कळ काढली की पश्चिमेकडून चढाई होणारच, या भरवशावर पोलंडने सीमेवर लढाई दिली.

घडले काय? ७ सप्टेंबरला फ्रेंच तुकड्या सार भागात काही किलोमीटर पुढे सरकल्या. जर्मनीचे जवळजवळ सारे चिलखती बळ त्या वेळी पोलंडमध्ये गुंतले होते! तरीही १२ सप्टेंबरला ॲबव्हिल येथील बैठकीत चढाई आवरती घेण्याचे ठरले. ब्रिटिश विमाने जर्मनीवर पत्रके टाकीत होती. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या आणि पोलंडची कोंडी पूर्ण झाली.

पोलंडही धुतल्या तांदळासारखा नव्हता. ऑक्टोबर १९३८मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडले जात असताना त्यानेही टेशेनचा प्रदेश बळकावलाच होता. परंतु मित्र म्हणून त्याने कसूर केली नाही. 'एनिग्मा' यंत्राच्या सांकेतिक लिपीचे आपले संशोधन त्याने जुलै १९३९मध्ये मित्रांच्या हाती दिले. पोलिश वैमानिक ब्रिटनच्या आकाशात लढले, १८ मे १९४४ रोजी माँटे कॅसिनोच्या मठावर पोलिश निशाण चढले. आणि फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टा येथे, पोलंडचा एकही प्रतिनिधी नसताना, त्याचा पूर्व भाग सोव्हिएत रशियाला देण्यावर शिक्कामोर्तब झाले. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन-अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली.

या व्यवहाराची झळ कोल्हापूरजवळच्या वळिवड्यानेही पाहिली आहे. तेथील छावणीत १९४३पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरिया-मध्य आशियात हाकलले होते. महायुद्ध जिंकले गेले, पण त्यांची गावे आता पोलंडमध्ये राहिली नव्हती. १९४८मध्ये छावणी बंद झाली, तेव्हा त्यांतील अनेकांनी घराची नव्हे, तर परक्या देशांची वाट धरली.