गव्हाण आणि गिटार

"तू आता विद्यार्थी राहिला नाहीस ना. म्हणून म्हटलं, तुला उगाच कशाला अडकवायचं."

एवढंच बोलले. रागावले नाहीत, हाकललं नाही, खांद्यावर हात ठेवूनच बोलले. आमच्या कॅथॉलिक विद्यार्थी गटात मोठ्याने कुणी बोलत नाही. गिटार वाजतं, मेणबत्ती लागते, सगळे डोळे मिटतात. ज्याला काढायचा त्याला तेवढ्या वेळात काढून टाकतात. डोळे उघडले की एक खुर्ची रिकामी.

मी त्या गटात आठवीपासून. दहावीनंतर शाळा सुटली ती २०१८ ला. त्यानंतर पाच वर्षं कुणाला आठवलं नाही की मी विद्यार्थी नाही. खुर्च्या मांडायला मी, शिबिरात पाण्याचे जार उचलायला मी, नाताळचा गोठा बांधायला तर दरसाल मीच. आठवलं ते सप्टेंबर २०२३ मध्ये. का आठवलं ते सांगायला बसलोय.

आधी गटाची बाजू सांगतो, कारण खोटं लिहायचं नाही. माझा आज्जा महारवाड्यात जन्मला नि महारवाड्यातच मेला. मधे त्याने एक काम केलं, मिशनच्या फादरसमोर डोकं वाकवून बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे बा चौथीपर्यंत शिकला, मी दहावीपर्यंत. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, नेवाशाकडच्या कित्येक वाड्यांना पाटीपेन्सील पहिल्यांदा दिसली ती मिशनच्या आवारात. हे विसरणारा हरामखोर. गटात एका ताटात पाचजण जेवलो. माझी पहिली कविता मी तिथेच वाचली. वाचून झाल्यावर सगळे 'आमेन' म्हणले. कवितेला आमेन! हसा तुम्ही. मला त्या रात्री झोप आली नव्हती.

गटाचा पहिला नियम: इथे जात नाही. गावात नळावर जात, लग्नात जात, स्मशानात जात, आणि इथे नाही म्हटल्यावर छाती भरून यायची. वय वाढलं तसं कळलं, इथे जात नाही म्हणजे इथे जातीचा शब्द काढायचा नाही. जात होतीच. दाखल्यावर होती.

आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून दोन घरं. दोन्ही घरांचे आज्जे एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेले. शेजारच्या दोस्ताच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. माझ्या दाखल्यावर 'ख्रिश्चन', कारण माझं नाव घालताना बा मास्तरांना खरं ते सांगून आला. दहावीला दोघांना मार्क जवळजवळ सारखे. त्याला शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, तो पॉलिटेक्निकला गेला. मी दोन वर्षं मिळेल ती मजुरी केली आणि मग साखर कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागलो. आम्ही दोघं रविवारी एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकायचो. पुढे देवासमोर एक नाव, मागे तहसीलदारासमोर दुसरं. दोस्तावर माझा राग नाही, हे लिहून ठेवतो. त्याच्या बापाने पोराची भाकरी वाचवली. माझ्या बापाने खरेपणा वाचवला, त्याचा दंड मी भरतोय.

ही चोरी करायला आम्हांला कुणी लावली? १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश काढून वाचा. त्यातला तिसरा परिच्छेद. हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजायचा नाही. १९५६ ला शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध. आम्ही अजून बाहेर. राज्यात आम्हांला इतर मागासवर्गीयांत ढकललंय, गावाने मात्र कधी तसं ढकललं नाही, गावाला आम्ही कोण ते चोख माहीत आहे. मद्रासच्या रस्त्यावर बसणारा सूसाई नावाचा ख्रिस्ती चांभार सुप्रीम कोर्टात गेला होता. सरकार अनुसूचित जातीच्या चांभारांना टपऱ्या वाटत होतं, याला दिली नाही. १९८५ ला कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही तेवढाच त्रास होतो याचा पुरावा आणा. तोच रस्ता, तीच आरी, त्याच फाटक्या चपला. मिश्रा आयोगाने २००७ ला सांगितलं, हा परिच्छेद काढून टाका. २०२२ ला पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला, मग त्याला मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ.

(बौद्ध दोस्तांनो, तुम्हांला १९९० ला न्याय मिळाला तेव्हा आमच्या गल्लीतही पेढा खाल्ला होता, असं बा सांगतो. तुम्ही आम्हांला 'गव्हावर बाटलेले' म्हणता तेव्हा तो पेढा आठवा.)

तर २०२३ च्या जुलैत मी गटात म्हणलं, १० ऑगस्टला ठिकठिकाणचे दलित ख्रिस्ती काळा दिवस पाळतात, आपणही काळी फीत लावू. मार्गदर्शक सर म्हणाले, अरे बाळा, हे राजकारण झालं, आपला गट श्रद्धेचा आहे. मी म्हणलं, सर, १० ऑगस्ट संत लॉरेन्सचा सण आहे. रोमच्या अधिकाऱ्याने त्याच्याकडे चर्चचा खजिना मागितला, तर त्याने गावातले लंगडे, आंधळे, भिकारी आणून उभे केले आणि म्हणाला, हा घ्या खजिना. अशी त्याची कथा आपणच मुलांना सांगतो. सर हसले. त्या दिवशी आम्ही संत लॉरेन्सचं गाणं म्हटलं. काळी फीत नाही.

पंधरा दिवसांनी हरेगाव झालं. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव. तिथे १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते, दर सप्टेंबरात माणसांचा समुद्र लोटतो, माझी आई अनवाणी चालत जायची. त्या गावात, शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून, चार दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर. माझ्याही. मी पाहिला आणि त्या दिवशी जेवलो नाही.

पुढच्या रविवारी गटात यात्रेची तयारी निघाली. पाण्याचा स्टॉल कुणी, चपला सांभाळायला कुणी. मी उभा राहिलो. म्हणलं, दोन आठवड्यांनी आपण त्याच गावात मेणबत्त्या लावायला जाणार, तर एक मेणबत्ती त्या चार पोरांसाठी लावू, आणि त्यांची नावं उघड घेऊन लावू. गिटारवाल्याने तार जुळवायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, ते आपल्यातले थोडेच आहेत. कुणी म्हणालं, पोलीस बघतायत ना. मग एक पोरगी बोलली, नर्सिंगला शिकणारी. ती खाली बघून म्हणाली, "तुझं खरं आहे दादा, पण जात काढलीस की आमचे दाखले बाहेर निघतात. माझा भाऊ नोकरीला लागलाय."

बाकीच्यांना मी उत्तर दिलं असतं. हिला काय देणार? ती भित्री नव्हती. तिसरा परिच्छेद तिच्या गळ्यात हात घालून बसला होता. सबंध गटाच्या गळ्यात. आमची शांती, आमचं मौन, आमच्या मेणबत्त्या, यात श्रद्धा किती आणि दाखल्याची भीती किती, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. आणि भीती असली तर ती तरी एकमेकांना सांगू या की! एका ताटात जेवणारे आम्ही, एका भीतीत एकत्र का बसत नाही? मी हे बोललो. सगळ्यांनी डोळे मिटले. पुढच्या रविवारी मी विद्यार्थी नव्हतो.

मार्गदर्शक सरांना माझा एकच सवाल. ज्या पद्धतीने तुम्ही गट चालवता, 'पाहा, पारखा, कृती करा', ती आली कुठून? बेल्जमच्या जोसेफ कार्डिन या धर्मगुरूकडून. कामगाराचा पोरगा. सेमिनरीतून सुट्टीला घरी आला, तर गिरण्या-कारखान्यांत लागलेले शाळूसोबती त्याच्याशी बोलेनात. त्यांना वाटलं, हा साहेबांच्या बाजूला गेला. ते त्याच्या काळजात रुतलं. त्यातून १९२५ ला त्याने तरुण कामगारांची संघटना उभी केली. विद्यार्थ्यांचे गट ही पद्धत पुढे तिथूनच शिकले. म्हणजे कामगाराला जवळ आणायला काढलेली वाट, आणि तुम्ही तिच्यावरून कामगारालाच उतरवला. पाहायचं ते पाहिलं नाही, पारखलं मला, आणि कृती केली ती ही.

१९३८ साली सोलापुरात बाबासाहेबांनी ख्रिस्ती लोकांना तोंडावर सुनावलं होतं की तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाहीत. डिसेंबर २०१६ ला देशातल्या कॅथॉलिक बिशपांनी दलितांविषयीचं धोरण काढलं आणि चर्चमध्ये भेदभाव आहे हे स्वतः लिहून कबूल केलं. बिशप कबूल करतात. आमच्या गटात तो कागद एकदाही वाचला गेला नाही. बायबलच्या शेजारी ठेवून वाचा. हरकत कुणाची?

मी येशू सोडलेला नाही. गटाने सोडला म्हणून मी का सोडू? कारखान्यात माझं काम गव्हाणीवर. ट्रकातला ऊस खाली पडतो, साखळी त्याला ओढत घाण्याकडे नेते, दाटी झाली की आकड्याने सोडवायची, डोळ्यांत पाचट जातं, पाय घसरला तर संपलं. हंगाम सुरू होताना चेअरमन तिथेच मोळी टाकतात, नारळ फोडतात. आम्ही त्या जागेला गव्हाण म्हणतो. शुभवर्तमानातही बाळ ठेवलं ते गव्हाणीतच, सभागृहात नाही. गटात दरसाल मी गवत आणि बांबू लावून ती बांधायचो. आता त्या कामाला माझ्याऐवजी कोण आहे, माहीत नाही. बांबू नीट बांधा, मागच्या अंगाला कलतो तो.

यंदा चोवीस डिसेंबरला माझी चार ते बाराची पाळी आहे. भोंगा होईल तेव्हा तुमची मध्यरात्रीची मिस्सा सुरू झालेली असेल. संपल्यावर इकडे या. गेटासमोर चहाची टपरी रात्रभर उघडी असते. गिटार आणलं तरी चालेल. दाखले घेऊन या, सगळ्यांचे, हिंदू लिहिलेले नि ख्रिश्चन लिहिलेले. बाकावर एकाशेजारी एक ठेवू आणि त्या नर्सिंगवालीला आधी बोलू देऊ.